संध्याकाळी ढीग बघायला जा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की बांधकामाच्या साईटवरचं पर्यावरण बहुतेक वेळा गेटवरच्या हिरव्या बोर्डापाशीच संपतं. त्यावर पत्रं आली, काही रागावलेली, काही खरंच विचारणारी. विचारणारी घेतलीत. नाव देऊ नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कोणाचंच देत नाही, आणि लांब पत्रं कापून छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी साईटवर लागलो. मोठ्या साहेबांनी सांगितलं की सस्टेनेबिलिटी, म्हणजे साईटवरचं पर्यावरणाचं काम, तू बघ. आत्तापर्यंत गेटजवळ वीस रोपं लावली आणि दोन पोस्टर चिकटवली. पुढे काय करायचं समजत नाही, आणि मुकादम हसतात.

रोपं लावलीस ते छान, आता त्यांना पाणी घाल. पण मुकादम का हसतात ते तुला कळायला हवं, कारण त्यांना रोज संध्याकाळी जे दिसतं ते तू अजून बघितलेलं नाहीस. काम सुटलं की राडारोड्याच्या ढिगाकडे जा. एकटा जा, वही घेऊन, बूट घालून. आणि हातात काठी घेऊन तो ढीग जरा उकर.

मी सांगते काय सापडेल. घमेल्याच्या आकाराचे कडक झालेले मालाचे गोळे सापडतील, अगदी घमेलं उपडं केल्यासारखे. ते कुठून आले? गवंड्याने सुट्टीच्या अर्धा तास आधी पूर्ण गोणीचा माल कालवायला सांगितला, तेवढ्यात सुट्टी झाली, सगळे जेवून येईपर्यंत माल आवळला, मग दिला फेकून. सिमेंटचा माल एकदा पाणी पडलं की फार तर तासाभरात संपवायचा असतो, त्यानंतर पाणी मारून परत मळलेला माल भिंतीत घालणं म्हणजे फसवणूकच. सुट्टीआधीचा शेवटचा माल अर्ध्या गोणीचा करा, एवढ्यानेच हे गोळे निम्म्याने कमी होतात, त्याला ना मशीन लागतं ना ट्रेनिंग.

मग अर्ध्या विटा सापडतील. त्यातल्या काही डंपरमधून ओतल्यामुळे फुटलेल्या, त्या ओळखू येतात कारण वेड्यावाकड्या फुटतात. आणि काही विटांना एका बाजूला सरळ चर असेल, त्या वेगळ्या काढून ठेव आणि मोज. त्या भिंतीतून आल्यात. भिंत बांधून झाली, मग इलेक्ट्रिकवाला आला, मग कोणीतरी म्हणालं की स्विचबोर्ड दाराच्या उजवीकडे पाहिजे, मग मशीन लावून भिंत चिरली. वीट वाया, माल वाया, मजुरी दोनदा, आणि ती धूळ कोणाच्या छातीत गेली ते वेगळंच.

म्हणून वहीत तीन गोष्टी लिही, काय सापडलं, किती घमेली आणि हे टाळायचं असतं तर कोणी कधी ठरवायला पाहिजे होतं. तिसरा रकाना महत्त्वाचा. पंधरा दिवसांनी तुला दिसेल की त्या रकान्यात गवंड्याचं नाव कमी वेळा येतंय आणि ऑफिसचं जास्त. ड्रॉइंग उशिरा आलं, टाईलची साईज बदलली, दाराची जागा सरकली. साईटवर फेकलं जाणारं बरंचसं सामान हे कोणीतरी एसीत बसून वेळेवर न घेतलेल्या निर्णयाचं असतं. ती वही साहेबांना दाखव, पण आधी मुकादमांना दाखव, ते हसणार नाहीत.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे, घरांची कामं घेतो. आमच्याकडे मालक लोक राखेचं सिमेंट नको म्हणतात, हलकं असतं, स्लॅब बसेल म्हणतात. मला स्वतःला पण अनुभव आहे की ते लवकर धरत नाही. मग पर्यावरणासाठी रिस्क का घ्यायची?

दादा, तुमचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकलाय.

आधी सिमेंटचं काय दुखणं आहे ते बघू. चुनखडी थोड्या चिकणमातीबरोबर भट्टीत घालून १४५० अंशांच्या आसपास तापवतात तेव्हा क्लिंकर म्हणजे कडक खडे तयार होतात, ते दळले की सिमेंट. आता शुद्ध चुनखडी धरा, १०० किलो दगड तापवला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड नुसता त्या दगडातूनच उडून जातो, भट्टीत जाळलेला कोळसा अजून मोजलाच नाही. म्हणजे उद्या कोणी भट्टी उन्हावर चालवली तरी अर्ध्याहून जास्त धूर, म्हणजे हा कार्बन डायऑक्साइड, तसाच राहणार. जगात माणसामुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा, तो ह्यामुळे. त्यामुळे आपल्या हातातला मोठा उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरा. त्याच्या जागी कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख म्हणजे फ्लाय अॅश घाला, किंवा लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंड काढल्यावर उरलेली मळी, दळून घाला.

आता तुमच्या प्रश्नाचं. सिमेंटमध्ये पाणी पडलं की मजबुती देणाऱ्या संयुगाबरोबर थोडा चुना पण सुटतो, तो नुसता पडून असतो, मजबुतीला काही कामाचा नाही, उलट पाण्यात विरघळून बाहेर येतो, भिंतीवर पांढरे डाग पडतात त्यातले काही त्याचेच. राख ह्या मोकळ्या चुन्याला पकडते आणि त्याचंच परत मजबूत संयुग बनवते. पण हे काम ती सावकाश करते. म्हणून सातव्या दिवशी क्यूब, म्हणजे मजबुती तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा, फोडला तर राखेचा कमी भरतो, अठ्ठावीसला जवळ येतो, दोन-तीन महिन्यांनी कित्येकदा पुढे जातो. आणि आतली छिद्रं बारीक होत जातात त्यामुळे पाणी आणि क्षार सहज आत शिरत नाहीत, सळई गंजायला वेळ लागतो. समुद्राजवळच्या कामाला स्लॅगचं सिमेंट मुद्दाम मागतात ते ह्याचसाठी.

मग गडबड कुठे होते? दोन ठिकाणी. एक तर तुम्ही साध्या सिमेंटच्या सवयीने सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या, लवकर खोलता. दुसरं, चार दिवस पाणी मारलं की पाईप गुंडाळून ठेवता. राख असलेल्या काँक्रीटला ओलावा जास्त दिवस पाहिजे, साध्याला किमान सात दिवस म्हणतात तर ह्याला किमान दहा, आणि हवा कोरडी, गरम असेल तर चौदा धरा. ओलावा संपला की राखेचं काम तिथेच थांबतं, आणि मग तुम्ही म्हणता सिमेंट हलकं होतं. सेंट्रिंगसाठी आणि टेकूंसाठी कॅलेंडर बघू नका, त्याच दिवशी भरलेला क्यूब साईटवरच्याच हवेत ठेवून फोडा आणि इंजिनीअरला विचारून मग खोला.

मालकाला समजवायचं असेल तर एक करा, एका कॉलमच्या तारखा लिहून त्याच्या हातात द्या, कधी ओतला, कधीपर्यंत पाणी. तो स्वतः येऊन बघेल. घरमालकाइतका कडक सुपरवायझर नाही.

आणि हो, राखेचा पुरवठा पण कायमचा नाही, कोळशाची वीजकेंद्रं जिथे बंद होतायत तिथे ती कमी होत जाणार. म्हणून आता भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेलं सिमेंट येतंय, एलसी३ म्हणतात, स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून त्यावर बरंच काम केलंय. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतो, आणि माती ८०० अंशांच्या आसपासच भाजावी लागते. तुमच्यापर्यंत गोणी पोचेल तेव्हा घाबरू नका एवढंच.

प्रश्न : ताई, आमच्या घराचं काम चालू आहे. गवंडी काँक्रीटमध्ये पाईपने डोळ्यांनीच अंदाज घेत पाणी घालतो. मी बोलले तर म्हणाला, पाणी जास्त घातलं तर सिमेंट कमी लागतं, पर्यावरणाला बरंच की. खरं आहे का?

हाहा, हुशार आहे तुमचा गवंडी. खरं नाहीये.

एका पन्नास किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी धरलं तर पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.४५ होतं. त्याने त्यात पाच लिटर जास्त घातलं, म्हणजे जेमतेम एक छोटी बादली, की ते ०.५५ वर गेलं. मजबुतीचा साधारण पाचवा हिस्सा तरी गेला तिथेच. सिमेंटला स्वतःला लागतं त्याच्यावरचं पाणी आत अडकून बसतं आणि नंतर वाळून जातं, मागे बारीक बारीक पोकळ्या सोडून. म्हणजे सिमेंट तेवढंच गेलं, धूर तेवढाच झाला आणि काँक्रीट मिळालं खालच्या दर्जाचं, जे वीस वर्षांत फुगून पडायला लागेल आणि मग परत सिमेंट. पर्यावरणाचं सगळ्यात मोठं नुकसान हे असल्या काँक्रीटने होतं, जे दोनदा बांधावं लागतं.

आणि त्याला विचारा, वाळूतलं पाणी धरलं का? ओल्या वाळूत पाच टक्के पाणी असणं काही विशेष नाही. एका गोणीला ऐंशी किलो वाळू घातली तर चार लिटर पाणी पाईप उघडायच्या आधीच आत गेलेलं असतं. मूठभर वाळू घट्ट दाबून बघा, हाताला ओल लागली आणि गोळा टिकला तर पाणी कमी करायचं. एवढं त्याच्या समोर करा, तोंडाने काही बोलू नका. मालाला खेळतं करायला पाणी लागत असेल तर त्यासाठी प्लास्टिसायझर नावाचं औषध मिळतं, थोडंसंच लागतं, डबा उघडण्याआधी त्यावरचं प्रमाण वाचायचं.

वाळूवरून आठवलं, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली सांगितलेला आकडा आहे, जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. आणि वाळवंटातली वाळू काँक्रीटला चालत नाही, वाऱ्याने घासून तिचे दाणे गोल गुळगुळीत झालेले असतात, पकड धरत नाहीत. म्हणून मग वाळू उपसतात ती नदीतून, किनाऱ्यावरून. गेटपाशी सांडलेली, ट्रकच्या चाकाखाली मातीत मिसळलेली वाळू बघितली की मला तो आकडा आठवतो. खाली चार लाद्या टाकून आणि तीन बाजूंना विटांचा कठडा करून वाळू ठेवली तर तळाचा थर वाया जात नाही.

प्रश्न : मी बार बेंडिंगचा, म्हणजे सळया कापून वाकवायच्या कामाचा सुपरवायझर. उरलेले तुकडे भंगारात जातात, भंगारवाला नेतो, ते वितळून परत सळई होते. मग वाया काय गेलं? उगाच आमच्या मागे लागतात.

भाऊ, प्रश्न रास्त आहे. लोखंड खरंच परत वितळतं, विटेसारखं मरत नाही. पण ते वितळवायला १५०० अंशांच्या वर न्यावं लागतं, मग परत रोलिंग, परत ट्रक, परत तुमच्या साईटवर. एवढा खटाटोप करून आपण तिथेच येतो जिथे कटिंगच्या आधी होतो.

एक उदाहरण देते, कागद घेऊन बसा. १२ मिलीची सळई, लांबी १२ मीटर. तुम्हाला साडेतीन मीटरचे ६० नग पाहिजेत आणि पाच मीटरचे ३०. फिटरने नेहमीप्रमाणे आधी साडेतीनचे कापायला घेतले, एका सळईत तीन निघतात, दीड मीटर उरतो, २० सळया गेल्या. मग पाचचे घेतले, एका सळईत दोन, दोन मीटर उरतात, १५ सळया. एकूण ३५. आता एकाच सळईत दोन नग साडेतीनचे आणि एक पाचचा बसवा, साडेतीन, साडेतीन, पाच, बरोबर बारा. ३० सळयांत सगळं काम झालं आणि तुकडा शून्य. पाच सळया वाचल्या, ६० मीटर, मीटरला ०.८८८ किलोने ५३ किलो. एकाच साईजमध्ये, एकाच दिवशी.

ह्यात अवघड काही नाही, फक्त दोन्ही याद्या एकाच वेळी हातात पाहिजेत. त्या नसतात हेच तर रडगाणं आहे, बीमची यादी आज येते आणि लिंटेलची, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीची, पुढच्या महिन्यात. म्हणून तुम्ही ऑफिसला सांगा की एका मजल्याच्या सगळ्या याद्या एकदम दिल्याशिवाय कटर चालू होणार नाही. तुमच्या मागे लागणाऱ्यांच्या मागे तुम्ही लागा.

तरीही उरलेच तर दीड मीटरचे तुकडे दाराच्या लिंटेलला चालतात, मीटरभर दार आणि दोन्हीकडे वीस-वीस सेंटीमीटर टेकू धरला तरी पुरतात. छोटे तुकडे वाकवून स्लॅबच्या वरच्या सळयांच्या जाळीखाली घोडे, म्हणजे टेकू म्हणून. मापाप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे बांधून त्यावर रंग मारा, नाहीतर कोणी शोधत बसत नाही, सरळ नवीन सळई कापतं.

प्रश्न : साईट ऑफिसवर सोलर पॅनल लावायचा विचार आहे. फायदा होईल का?

होईल थोडा, ऑफिसचे दिवे-पंखे चालतील. पण आधी जनरेटर बघा. साईटला लागेल त्याच्या तिप्पट मोठा जनरेटर मागवलेला असतो, आणि रात्री त्यावर चार दिवे आणि मोबाईलचे चार्जर चालू असतात. क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवला की डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं ओशट गळायला लागतं, इंजिन लवकर मरतं आणि धूर जास्त. दिवसाला मोठा आणि रात्रीला छोटा, असे दोन ठेवा. कायमच्या वीज जोडणीचा अर्ज पायाच्या खोदाईबरोबरच टाका. आणि पोकलेनवाला फोनवर बोलत असेल तेव्हा मशीन बंद. हे तीन झालं की मग पॅनल.

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारी मोठं काम चालू आहे. हिरवी जाळी लावलीय, टँकरने पाणी पण मारतात, तरी घरात धूळ येते. आम्ही कशाची मागणी करायची?

जाळी मोठी धूळ अडवते, जी तशीही लवकर खाली बसते. त्रास होतो तो न दिसणाऱ्या बारीक धुळीचा, ती जाळीतून आरामात निघते आणि तासन् तास हवेत तरंगते. त्यामुळे धूळ झाल्यावर अडवा असं न म्हणता होऊच देऊ नका असं म्हणा. धूळ बहुतेक तीन ठिकाणी जन्मते. टाईल, ब्लॉक, काँक्रीट कोरडं कापताना, तिथे पाण्याची धार असलेलं कटर वापरायला सांगा. झाडू मारताना, कोरडा झाडू साईटवर बंदच पाहिजे. आणि गेटवर, ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल रस्त्यावर येतो, वाळतो, आणि दिवसभर गाड्या त्याचं पीठ करतात. गेटच्या आत चाकं धुवायचा खड्डा करायला लावा. टँकरने नुसतं भसाभस पाणी ओतलं तर चिखल वाढतो आणि दुसऱ्या दिवशी धूळ दुप्पट, हे मी स्वतः करून बसलेय.

एक गोष्ट मात्र पत्रात नव्हती म्हणून मीच लिहिते. तुमच्या खिडकीत जी धूळ येते ती कापणाऱ्या माणसाच्या नाकापासून हातभर अंतरावर असते. दगड, वाळू, काँक्रीटमधल्या सिलिकाची बारीक धूळ कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९७ सालीच तिला पहिल्या गटात टाकलंय. आणि तो माणूस तोंडाला रुमाल बांधून कापतो, रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ किंवा त्याच्या वरचा मास्क लागतो. सोसायटीच्या अर्जात त्याच्यासाठी एक ओळ घाला, तुमचं वजन पडेल, त्याचं पडत नाही.

प्रश्न : रेडीमिक्सचा, म्हणजे तयार काँक्रीटचा ट्रक रिकामा झाला की ड्रायव्हर कोपऱ्यात ड्रम आणि चूट, म्हणजे ओतायची पन्हळ, धुतो. पाणीच तर आहे, सिमेंट थोडंसं. त्यासाठी वेगळी जागा करायला हवी का?

हवी. ह्याबाबतीत मी उपदेश करण्याच्या लायकीची नाही, पण शिकलेय म्हणून सांगते. एका साईटवर आम्ही एक जुनं झाड वाचवलं होतं, भोवती पत्र्याचं कुंपण, वर पाटी, पाहुणे आले की फोटो. आणि त्या कुंपणाच्या मागची जागा मोकळी राहते म्हणून तिथेच ट्रक धुवायला मीच परवानगी दिली. पहिल्या पावसाळ्यानंतर नवीन पानं पिवळी यायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही खत घातलं, जादा पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी एका बाजूच्या फांद्या वाळल्या, मग सगळंच. माळीकाका आले, माती हातात घेऊन म्हणाले, ताई, ह्याच्यात चुना मुरलाय.

सिमेंट धुतलेलं पाणी कडक अल्कली, म्हणजे चुन्याच्या निवळीसारखं दाहक असतं, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, साध्या पाण्याचा सात) बारा किंवा वर. अशा मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही म्हणून पानं तशी पिवळी पडतात. नाल्यात गेलं तर मासे मरतात, हातापायावर राहिलं तर कातडी जळते. जास्त पाणी घालून सौम्य करू म्हणाल तर पीएचचं गणित वाईट आहे, बारावरून अकरावर यायलाच दहापट पाणी लागतं.

खड्डा करा, तळाला आणि बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद, मध्ये बुटकी भिंत घालून दोन कप्पे. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात वरचं निवळ पाणी येतं, तेच पाणी पंपाने पुढच्या ट्रकला धुवायला वापरा. बसलेला गाळ कडक झाला की फोडून भरावात. पावसाच्या आधी खड्डा भरलाय का बघा, नाहीतर सगळं वाहून जातं, केलेलं फुकट. आणि ट्रकमध्ये जे अर्धा घनमीटर काँक्रीट उरतं त्यासाठी पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे) किंवा कर्बचे (रस्त्याच्या कडेच्या दगडांचे) साचे तेल लावून तयार ठेवा, ड्रायव्हरला कोपरा शोधायची वेळच येऊ नये. झाडाभोवतीचं कुंपण खोडाला चिकटून घालू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत न्या, आणि त्याच्या आसपास काही धुऊ नका.

प्रश्न : जुनी इमारत पाडून नवीन ग्रीन सर्टिफिकेटवाली बांधायची असं कमिटीत चाललंय. पर्यावरणाला चांगलं ना?

सांगाडा धड असेल तर बहुतेक वेळा नाही. जुन्या इमारतीतल्या काँक्रीट, लोखंड, विटांचा धूर कधीच होऊन गेलाय, पाडलीत की तो पाण्यात आणि नव्याचा नव्याने होणार. नवीन इमारत विजेची बचत करेल हे खरं, पण बांधताना झालेलं धुराचं कर्ज त्या बचतीतून फिटायला वर्षानुवर्षं जातात. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून सांगाड्याची तपासणी, करा, छत आणि पश्चिमेची भिंत उन्हापासून वाचवा, जुन्या खिडक्या, मोटर, दिवे बदला, मग बघा. सांगाडाच गेला असेल तर पाडा, माणसांच्या जिवापुढे काही नाही. पण फोडण्याआधी उतरवा, दारं, खिडक्या, ग्रिल, टाईल, लाकूड. जिप्समचं छत आणि काँक्रीट एकत्र झालं तर तो चुरा पुढे काँक्रीटला वापरता येत नाही. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, तपासून घ्या, ते कोरडे फोडायचे नाहीत, माहितगार माणसांकडून ओले करून अख्खे काढायचे.

प्रश्न : मी रॅट ट्रॅप बॉण्डबद्दल ऐकलंय, विटा वाचतात म्हणे. करावं का?

करा, मला फार आवडतं. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, भिंतीच्या पोटात पोकळी राहते, साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात, मालही कमी लागतो आणि पोकळीमुळे घर कमी तापतं. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळमध्ये असली घरं खूप बांधली. अट एकच, ह्या भिंतीला नंतर चिरता येत नाही, म्हणजे वायरचे पाईप भिंत चढतानाच आत घालायचे. स्विचबोर्ड कुठे ते बांधकामाआधी ठरलं पाहिजे, घरातल्या सगळ्यांचं भांडण आधीच होऊन जाऊ द्या.

प्रश्न : काम संपत आलंय, प्लास्टर पुढच्या आठवड्यात. आता ह्या टप्प्यावर काही करता येण्यासारखं उरलंय का?

उरलंय, आणि सोपं आहे. टाईलची एक-दोन खोकी घरातच ठेवून द्या, पुढे एक फुटली तर अख्खी खोली उकरावी लागणार नाही. उरलेला रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर खोलीचं नाव लिहून. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा, पाण्याचे आणि विजेचे पाईप उघडे दिसतायत तोवर. कोपऱ्यापासून पाईपपर्यंत मापाची टेप धरा, एकाने टेप धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. आकडे वाचता येतायत ना, ते फोटो मोठा करून तिथेच बघा.